विमानातून गाविलगड दिसेल काय?

प्रश्न : अमरावती-मुंबई विमानात कोणत्या बाजूची खिडकी घ्यावी? – एक वाचक, अचलपूर

उत्तर : बेलोरा येथील विमानतळ १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला आणि तेथून मुंबईसाठी एटीआर-७२ हे पंख्याचे विमान वापरले जाऊ लागले. या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे ते खालचे दृश्य झाकत नाहीत. मात्र मधल्या रांगांतून इंजिन आणि चाकांचा उंचवटा आड येतो, म्हणून मागील रांगा अधिक सोयीच्या ठरतात. शिवाय जेट विमानांच्या मानाने ते बऱ्याच कमी उंचीवरून उडत असल्याने नद्यांची वळणे व शेतांचे बांधही ओळखता येतात.

मुंबईकडे जाताना विमानाचे तोंड पश्चिम-नैऋत्येस असते. त्यामुळे अचलपूर, गाविलगडाचे डोंगर, म्हणजे सातपुड्याची मेळघाटाकडील रांग, आणि पुढे सह्याद्रीतील कळसूबाईचा परिसर उजवीकडे येतो, तर लोणारचे सरोवर डावीकडे, तेही काहीसे दूर राहते. प्रत्यक्ष मार्ग हवामानानुसार बदलतो, हे अर्थातच गृहीत धरावे लागते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तळपत असल्यामुळे उजव्या खिडकीला तिरीपही लागत नाही. पण पावसाळा सरताच, धुरके साचण्यापूर्वी, डोंगर सर्वाधिक स्पष्ट दिसतात. एकूण, जाताना उजवीकडील ‘एफ’ आणि परतताना डावीकडील ‘ए’ अक्षराचे आसन घ्यावे.