हॅशटॅगची निवड : वैद्य व औषधालयचालक यांच्यासाठी काही निकष

प्रस्तावना

आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयाचे वा औषधालयाचे एखादे तरी पान आज फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर आहे. ऋतुचर्या, पथ्यापथ्य, वनस्पतिपरिचय अशा विषयांवर वैद्यबंधू-भगिनी तेथे नियमाने लिहितात. या लेखनाखाली # हे चिन्ह लावलेल्या पंधरा-वीस शब्दांची एक रांग सहसा आढळते. ती बहुधा कोणीतरी एकदा तयार करून दिलेली असते व विषय कोणताही असो, प्रत्येक मजकुराखाली तशीच चिकटवली जाते. लिहिणाऱ्याचा हेतू इतकाच असतो की, आपले लेखन अधिक लोकांनी पाहावे.

हा हेतू गैर नाही. परंतु टॅग नेमके काय करतो, तो कसा निवडावा व लिहावा, आणि कोठे लावू नये, याचा विचार आपल्या व्यवसायात फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : टॅग हे द्रव्याच्या वर्गनामासारखे आहे. योग्य असेल तर ते योग्य वाचकाला मजकुरापर्यंत आणते. अयोग्य असेल तर भलत्याच वाचकाला आणते, आणि काही वेळा लिहिणाऱ्याला कायद्याच्या कक्षेतही आणते.

टॅगचे स्वरूप व इतिहास

२३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवले की, एकाच विषयावरील संदेश एकत्र सापडावेत म्हणून विषयनामाआधी # हे चिन्ह लावावे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो परिसरात वणवे पेटले, तेव्हा वणव्याची माहिती एकत्र ठेवण्यासाठी ही पद्धत वापरली गेली. २००९ मध्ये ट्विटरने असे शब्द दुव्यात रूपांतरित केले. इन्स्टाग्रामने २०११ मध्ये व फेसबुकने २०१३ मध्ये ही सोय स्वीकारली.

म्हणजे टॅगचा मूळ हेतू वर्गीकरणाचा आहे. प्रसिद्धी हे त्याचे आनुषंगिक फळ. हे फळही आता पूर्वीइतके राहिलेले नाही. ही माध्यमे आज मजकुरातील शब्द, चित्र, ध्वनी आणि वाचकाची आवड यांवरून कोणाला काय दाखवायचे ते ठरवतात. टॅग हा त्यांतील एक संकेत होय. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी टॅगमुळे पोहोच फारशी वाढत नाही, असे एकाहून अधिक वेळा सांगितले आहे. एखाद्या टॅगचे अनुसरण करण्याची सोय इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये काढून घेतली, आणि पूर्वी ३० असलेली टॅगांची मर्यादा डिसेंबर २०२५ मध्ये ५ वर आणली. एक्स (पूर्वीचे ट्विटर) या माध्यमाने जून २०२५ पासून सशुल्क जाहिरातींत टॅग वापरण्यास मनाई केली. यूट्यूबवर एका चित्रफितीला ६० हून अधिक टॅग दिल्यास सर्वच टॅग दुर्लक्षिले जातात. सारांश, संख्येचा काळ संपला असून निवडीला महत्त्व आले आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी गटांत मात्र टॅगचे काहीच प्रयोजन नाही.

शास्त्रातील साम्य

नामाने वर्ग बांधणे आपल्याला नवीन नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात ५० महाकषाय सांगितले असून प्रत्येकात १० द्रव्ये आहेत. तेथे अग्निवेश शंका घेतो की, तीच तीच द्रव्ये अनेक गणांत आलेली असताना ५०० ही संख्या पूर्ण कशी मानावी? आत्रेय समाधान करतात ते असे, की एकच मनुष्य निरनिराळी कर्मे करतो व त्या त्या कर्मानुसार निरनिराळी नावे धारण करतो, तसेच द्रव्याचे आहे. एका मजकुराला अनेक टॅग का द्यावेत, याचेही उत्तर हेच आहे. मात्र जेवढी कर्मे तेवढीच नावे. जे कर्म द्रव्यात नाही त्याच्या गणात ते घालता येत नाही. पथ्यावरील लेखाला #पंचकर्म हा टॅग लावणे म्हणजे जीवनीय गणात भल्लातक घालणे होय.

निघंटूंचा दुसरा धडा संदिग्धतेचा आहे. ‘अमृता’ म्हणजे गुडूची आणि हरीतकीचा एक भेदही. ‘ब्राह्मी’ म्हटल्यावर कोणी बॅकोपा मोनिएरी समजतो, तर कोणी मंडूकपर्णी. #ब्राह्मी या टॅगखाली दोन्ही वनस्पतींची छायाचित्रे एकत्र जमतात आणि सामान्य वाचकाला तो भेद कळत नाही.

यातून काय ओढवू शकते ते गुळवेलीच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. कोविडच्या काळात गुळवेलीचा घरगुती वापर फार वाढला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल सेवन केलेल्या ६ रुग्णांना यकृतविकार झाल्याचा मुंबईतील डॉक्टरांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, सेवन केलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, याची निश्चिती केलेली नव्हती. वादाचा निर्णय काहीही असो, आपल्यासाठी बोध स्पष्ट आहे. #गुळवेल या टॅगवरून येणारा वाचक हा अनेकदा वैद्याकडे न जाता वेल तोडून आणणारा वाचक असतो. तेव्हा त्या टॅगखालील मजकुरात वनस्पतीची ओळख, मात्रा आणि कोणी घेऊ नये, या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. त्या देता येत नसतील तर वनस्पतिनामाचा टॅग देऊ नये.

निवडीचे निकष

एका मजकुराला तीन ते पाच टॅग पुरेसे आहेत. ते पुढील चार प्रकारांतून निवडावेत.

१) विषयवाचक : मजकुराचा नेमका विषय सांगणारा टॅग, उदा. #वर्षाऋतुचर्या. केवळ #आरोग्य किंवा #आयुर्वेद या महासागरात आपला मजकूर काही क्षणांत बुडतो.

२) लोकभाषावाचक : रुग्ण ज्या शब्दाने शोधतो तो शब्द. आपण ‘आमलकी’ लिहितो, लोक ‘आवळा’ शोधतात. गुडूची, गुळवेल आणि हिंदीतून आलेला ‘गिलोय’ यांपैकी महाराष्ट्रातील वाचकासाठी गुळवेल प्रथम, गिलोय नंतर आणि गुडूची शास्त्राभ्यासकांसाठी.

३) स्थानवाचक : चिकित्सालय वा औषधालय असलेल्या गावाचे नाव. सांगलीच्या वैद्याला जगभरातील लक्षावधी वाचकांचा उपयोग नाही. मिरज-तासगावच्या दोनशे वाचकांचा आहे. हा सर्वांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत फलदायी प्रकार आहे.

४) स्वनामवाचक : चिकित्सालयाचे वा लेखमालेचे नाव. यामुळे आपले जुने लेखन वाचकाला एकत्र सापडते.

निवडलेला टॅग लावण्यापूर्वी तो त्या माध्यमावर शोधून त्याखाली काय जमलेले आहे ते पाहावे. #बस्ती हा टॅग पाहणाऱ्याला उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्याच्या बातम्या दिसण्याचा संभव अधिक, कारण हिंदीत त्या शब्दाचा अर्थच वस्ती असा आहे. तेथे #बस्तिचिकित्सा हा टॅग योग्य.

लेखनाची शुद्धता

संगणकाच्या दृष्टीने एका अक्षराचा फरक म्हणजे वेगळा टॅग. ‘आर्युवेद’ हे अशुद्ध रूप दुर्दैवाने इतके रूढ आहे की, त्या नावाचा स्वतंत्र ढीग जमलेला असतो. वैद्याने त्यात भर घालू नये. ‘अश्वगंधा’ व ‘अश्वगन्धा’, ‘पंचकर्म’ व ‘पञ्चकर्म’, ‘गुग्गुळ’ व ‘गुग्गुल’ ही वाचकाला एक वाटणारी रूपे यंत्राला भिन्न आहेत. मराठी वाचकासाठी अनुस्वारयुक्त प्रचलित रूप घ्यावे व तेच नेहमी वापरावे.

टॅगमध्ये जागा सोडता येत नाही. ‘#वर्षा ऋतुचर्या’ असे लिहिल्यास केवळ #वर्षा एवढाच टॅग बनतो व मजकूर वर्षा नावाच्या मुलींच्या वाढदिवसांत जाऊन बसतो. शब्द वेगळे दाखवायचेच असतील तर अधोरेषा चालते. संयोगचिन्ह चालत नाही, तेथे टॅग तुटतो. काही माध्यमांवर केवळ अंकांचा टॅग होत नाही.

कायद्याची मर्यादा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ‘औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४’ आपल्या सर्वांना नावाने परिचित आहे. त्यातील ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम पुन्हा वाचावी. सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन यांबरोबरच तोंडी वा प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साधनाने केलेली घोषणाही तीत येते. इतक्या व्यापक व्याख्येतून भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील मजकूर सुटेल, असे समजण्यास आधार दिसत नाही.

कलम ३ अन्वये अनुसूचीतील रोगांचे निदान, उपशम, चिकित्सा वा प्रतिबंध यांसाठी एखादे औषध वापरावे असे सुचवणाऱ्या जाहिरातीच्या प्रकाशनात कोणताही भाग घेण्यास मनाई आहे. अनुसूचीत ५४ नोंदी असून मधुमेह, कर्करोग, हृद्रोग, रक्तदाब, स्थौल्य, आमवातादि संधिविकार, अपस्मार, श्वित्र, मूत्राश्मरी, स्त्रियांचे वंध्यत्व यांचा तीत समावेश आहे. कायद्याचा शब्द ‘सुचवणे’ असा आहे, हे ध्यानात घ्यावे. वर चूर्णाच्या डबीचे छायाचित्र, मजकुरात केवळ किंमत व पत्ता, आणि खाली #मधुमेह. येथे वाक्यात दावा कोठेच नाही. परंतु माझ्या मते तो टॅगने पूर्ण केलेला आहे.

याच अधिनियमाच्या कलम १४ मध्ये नोंदणीकृत चिकित्सकाला एक सूट आहे. अमुक रोगाची चिकित्सा येथे होते, असा फलक त्याला स्वतःच्या आवारात लावता येतो. काही वैद्यबंधू टॅगला या फलकाचेच आधुनिक रूप समजतात. तथापि सूट आवारापुरती आहे आणि टॅगला आवार नसते. शास्त्रीय वा सामाजिक भूमिकेतून सद्भावनेने लिहिलेल्या ग्रंथालाही त्याच कलमात सूट आहे. परंतु त्या आधारावर रोगाविषयी लिहिताना कोणत्याही विक्रेय औषधाचे नाव, चित्र वा दूरध्वनी जोडू नये, हे शहाणपणाचे.

औषधे नियमांतील नियम १७० विषयी अलीकडे पुष्कळ चर्चा झाली. २०१८ मध्ये समाविष्ट झालेला हा नियम १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने वगळण्यात आला, २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघाली. त्यावरून ‘आता जाहिरातीला मोकळीक आहे’ असा समज काही ठिकाणी पसरला. तो चुकीचा आहे. नियम १७० हा जाहिरातीच्या पूर्वपरवानगीचा होता. १९५४ चा अधिनियम स्वतंत्र असून त्या वादाने त्याला बाधा आलेली नाही.

औषधालयचालकांसाठी आणखी दोन सूचना. अनुसूची ई (१) मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे आवश्यक असते. अशा कल्पाच्या मजकुराला #घरगुतीउपाय हा टॅग कदापि लावू नये. तसेच एखाद्या वैद्याकडून मानधन वा भेटवस्तू देऊन आपल्या उत्पादनाविषयी लिहवून घेतले असेल, तर ते स्पष्ट सांगणे दोघांचेही कर्तव्य आहे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार हा खुलासा टॅगांच्या गर्दीत मिसळता येत नाही. म्हणजे ‘जाहिरात’ हा शब्द रांगेतील सहावा टॅग म्हणून नव्हे, तर मजकुराच्या आरंभी ठळकपणे यावयास हवा.

रुग्णाची गोपनीयता

स्थानवाचक टॅग उपयुक्त असला तरी त्याचा रोगनामाशी संयोग जपून करावा. लहान गावात #गावाचेनाव, #श्वित्र आणि केवळ हाताचे छायाचित्र एवढ्यावरून रुग्ण ओळखला जातो. चेहरा झाकला म्हणजे ओळख झाकली, असे नव्हे. विवाहयोग्य मुलीच्या बाबतीत याचे परिणाम काय होतात, हे आपण सर्व जाणतो. रुग्णचित्र द्यावयाचे झाल्यास लेखी संमती घ्यावी, आणि त्या मजकुराला गावाचा टॅग देऊच नये.

एक उदाहरण

आषाढात ‘पावसाळ्यातील आहार’ या विषयावर सांगलीतील वैद्याने लिहावयाचे आहे, असे समजू. मजकुराच्या पहिल्याच वाक्यात ‘पावसाळा’ व ‘पचन’ हे शब्द यावेत, कारण आता शोध मजकुरातूनही होतो. टॅग चार : #वर्षाऋतुचर्या, #पावसाळ्यातीलआहार, #सांगली आणि चिकित्सालयाचे नाव. अग्निमांद्य, जुने धान्य, उकळलेले पाणी यांविषयी लिहावे. त्यातच एखाद्या वटीचे छायाचित्र व #ताप हा टॅग आला की लेखाची जाहिरात होते; ज्वर हीदेखील अनुसूचीतील नोंद आहे.

सारांश

१) टॅग तीन ते पाच, प्रत्येक मजकुरासाठी नव्याने निवडलेले.
२) रुग्णाचा शब्द, गावाचे नाव व शुद्ध रूप यांना प्राधान्य.
३) वनस्पतिनामाचा टॅग दिल्यास ओळख, मात्रा व निषेध अवश्य द्यावेत.
४) औषध व अनुसूचीतील रोगनाम एका मजकुरात आणू नये, टॅगमधूनही नाही.
५) रुग्णचित्रासोबत गावाचा टॅग वर्ज्य.

आपल्या पानावरील मागील दहा मजकूर या पाच कसोट्यांवर तपासून पाहावेत आणि न बसणारे टॅग आजच काढून टाकावेत, अशी सर्व व्यवसायबंधू-भगिनींना विनंती आहे. अलमतिविस्तरेण.