विनामूल्य साधने आणि शिक्षकाची टिपणे

शिक्षकाने तयार केलेले टिपण पूर्वी त्याच्या वहीत किंवा फार तर त्याच्या संगणकात राहत असे. २००६ साली गूगलने ‘रायटली’ हा आंतरजालावर चालणारा लेखन-कार्यक्रम विकत घेतला आणि त्यातून ‘गूगल डॉक्स’ आकारास आले. येथे मजकूर लिहिणाराच्या यंत्रात नव्हे, तर कंपनीच्या दूरस्थ संगणकांत साठविला जातो. या व्यवस्थेस ‘क्लाउड’ म्हणतात. त्यामुळे एकाच निबंधावर अनेक विद्यार्थी एकाच वेळी काम करू शकतात, शिक्षक समासात सूचना लिहू शकतो आणि कोणता बदल कोणी केला हेही पाहता येते. २०१४ साली आलेल्या ‘गूगल क्लासरूम’मुळे गृहपाठ देणे, स्वीकारणे व तपासून परत करणे एकाच ठिकाणी शक्य झाले.

परंतु विनामूल्य म्हणजे कायमचे नव्हे. शिक्षणसंस्थांना पूर्वी साठवणीची मर्यादा नव्हती. २०२२ साली विनामूल्य योजनेत संपूर्ण संस्थेस मिळून १०० टेराबाइटांची मर्यादा लागू झाली. ‘जॅमबोर्ड’ हा सामायिक फळा तर २०२४च्या अखेरीस बंदच झाला. त्यावरील पाठ पीडीएफ रूपात वाचता येतात. पूर्वीसारखी नवी ओळ मात्र त्यांत लिहिता येत नाही.

लेखन उतरवून घेण्याची सोय या साधनांतच आहे. सत्र संपताच टिपणांची एक प्रत शाळेच्या संगणकात ठेवली, तर साधन बदलले तरी शिक्षकाचे श्रम वाया जात नाहीत.