वाफेच्या केबिनमध्ये शिरण्यापूर्वी

पुण्यात हल्ली जिमच्या मागच्या खोलीत, मोठ्या सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये, आयुर्वेद केंद्रात, सगळीकडे वेलनेस केबिन दिसतात. कुठे वाफेची, कुठे लाकडी फळ्यांची सॉना, कुठे इन्फ्रारेडची. वाढदिवसाला, निवृत्तीला त्यांची व्हाउचरं भेट दिली जातात. आमच्या भाच्यानंही असंच एक कौतुकानं दिलं, माझ्या मोठ्या नणंदेसाठी आणि माझ्यासाठी.

वन्सं सांगलीहून गुडघा दाखवायला आल्या होत्या. वय सदुसष्ट, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू. ठरलेल्या दिवशी नेमकी संकष्टी आली. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नाही, पाणीही बेताचंच. गोळी मात्र त्यांनी न चुकता घेतली होती. रिसेप्शनवरच्या मुलीनं नाव, मोबाइल नंबर विचारला आणि बारीक इंग्रजी अक्षरांच्या एका फॉर्मवर सह्या घेतल्या. आजार कोणता, औषध कोणतं, काही खाल्लंय का, यातलं एक अक्षर नाही. ‘जितका घाम जास्त, तितकी टॉक्सिन्स बाहेर. निवांत बसा पंधरा-वीस मिनिटं,’ एवढं सांगून ती फोन घ्यायला गेली.

आत टाइल्सचा बाक, कोपऱ्यातल्या नळीतून फुसफुसणारी वाफ आणि निलगिरीचा वास. वन्सं म्हणाल्या, ‘हे आपल्या सर्दीच्या वाफाऱ्याचं थोरलं भावंडच की गं!’ सुरुवातीला खरंच बरं वाटत होतं. आखडलेले खांदे सैल झाले, त्यांचा गुडघाही हलका झाला. थोड्या वेळानं ‘पुरे आता’ म्हणून त्या उठल्या, दाराच्या दांडीला हात घातला आणि ‘मला दिसेनासं झालंय गं’ म्हणत खालीच आल्या. हनुवटी बाकाच्या कडेवर आपटली. भिंतीवर मदतीच्या बेलचं बटण होतं, ते दाबलं तर वाजलंच नाही. दार ढकलून हाका मारल्यावर ती मुलगी धावत आली. बिचारी घाबरून वन्संना खुर्चीत बसवून ग्रीन टी पाजायला निघाली होती. मी त्यांना बाहेरच्या गार फरशीवर आडवं केलं, पाय स्टुलावर ठेवले. दोन-तीन मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. हनुवटीला टाके पडले, ईसीजी सुदैवानं व्यवस्थित निघाला.

असं का झालं, ते आमच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. उष्णतेत शरीर स्वतःला गार ठेवण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतं आणि रक्त तिकडे वळवतं. ते पुरवायला हृदयाला जोरात धावावं लागतं. ठोके मिनिटाला 100 च्या पुढे जातात, फार तापल्यास 150 पर्यंतही. म्हणजे आपण बाकावर स्वस्थ बसलेलो असलो, तरी हृदय भराभर चालल्यासारखं काम करत असतं. त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतात, काही रक्तवाहिन्या सैल करतात. घामानं आणखी पाणी जातं. अशा वेळी माणूस ताडकन उठला की रक्त पायांत उतरतं, मेंदूला कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. हृदय ठणठणीत असलेल्या माणसाचंही असं होऊ शकतं.

फायदे आहेत, पण कुठवर?

एवढं होऊनही केबिनला सरसकट वाईट म्हणणार नाही. उष्णतेनं स्नायूंचा ताठरपणा कमी होतो, मन निवतं, अनेकांना रात्री झोप चांगली लागते. सांध्यांच्या जुन्या दुखण्यात तात्पुरता आराम पडतो. फिनलंडमध्ये तर सॉना घरोघरी असतो; 2020 मध्ये युनेस्कोनं त्या परंपरेला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. तिथल्या डॉ. यारी लाउक्कानेन आणि सहकाऱ्यांनी 2,315 मध्यमवयीन पुरुषांची सुमारे वीस वर्षांची माहिती तपासून 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं. जपानमध्ये काही रुग्णालयांत हृदय कमजोर झालेल्या रुग्णांनाही 60 अंशांच्या कोरड्या केबिनमध्ये 15 मिनिटं बसवतात आणि नंतर अर्धा तास पांघरुणात झोपवून ठेवतात. पण ते सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली.

फिनलंडच्या अभ्यासाचा हवाला देऊन पॅकेज विकणारे दोन गोष्टी सांगत नाहीत. एक म्हणजे फिनलंडची माणसं लहानपणापासून सॉनात बसत आलेली असतात आणि जो मुळात धडधाकट आहे, तोच वरचेवर सॉनात जातो. त्यामुळे सगळं श्रेय उष्णतेला देता येत नाही. दुसरं म्हणजे त्यांचा सॉना कोरडा असतो. तापमान 80 ते 100 अंश, पण हवेत ओल कमी, म्हणून घाम वाळतो आणि अंग गार राहतं. आपल्याकडच्या वाफेच्या केबिनमध्ये तापमान 40 ते 50 अंशच असतं. मात्र हवा ओलीचिंब असल्यानं घाम वाळतच नाही. आकडा लहान दिसला म्हणून ताण कमी, असं समजू नये.

घामातून विष बाहेर पडतं हा दावा तर सोडूनच द्या. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असतं, इतर पदार्थ अगदी थोडे. शरीराची सफाई यकृत आणि मूत्रपिंडं करतात. केबिनमधून आल्यावर वजनकाटा अर्धा किलो कमी दाखवतो, ते गेलेलं पाणी असतं. दोन ग्लास पाणी प्यायलात की ते परत येतं, आणि यायलाच हवं.

‘नैसर्गिक उपचार आहे, अपाय कसला?’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच परंपरेकडे पाहावं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदनावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात अग्नीच्या साहाय्यानं घाम आणण्याचे तेरा प्रकार दिले आहेत, तशीच स्वेदन कुणाला देऊ नये याची लांबलचक यादीही आहे. गर्भवती, मधुमेही, नित्य मद्यपान करणारे, अतिसार झालेले, तहानलेले, भुकेलेले असे सगळे त्यात येतात. निसर्गोपचारात बाष्पस्नान देताना आधी पाणी पाजतात, डोकं पेटीबाहेर ठेवतात आणि डोक्यावर ओला पंचा घालतात. चकचकीत काचेच्या केबिनमध्ये डोक्यासकट सगळा माणूस आत जातो आणि ही साधी काळजी बाहेर राहते.

कुणी जपावं?

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, छातीत दुखण्याचा त्रास चालू असलेले, हृदयाची झडप अरुंद असलेले, बीपी ताब्यात नसलेले, ताप किंवा जुलाब चालू असलेले यांनी केबिनकडे फिरकू नये. गरोदरपणी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, शरीर फार तापणं बाळासाठी धोक्याचं असतं. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या शरीरात ते उष्णतेमुळे लवकर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरू शकते. साखर उतरल्याचा घाम आणि केबिनचा घाम यातला फरक कळत नाही, ही त्यातली मेख. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेली असेल, तर तापलेल्या फळीचा चटकाही जाणवत नाही. वेदनेसाठी किंवा हृदयासाठी औषधाचे पॅच लावणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये, कारण उष्णतेत औषध जास्त प्रमाणात रक्तात उतरतं. झोपेच्या, सर्दीच्या, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी विचारावं. दारू पिऊन तर कुणीच नाही. फिनलंडमध्येही सॉनातल्या मृत्यूंमागे दारूचा हात मोठा असल्याचं दिसून आलं आहे.

आणि पैज लावून बसू नये. फिनलंडमधल्या हेइनोला गावी जास्तीत जास्त वेळ सॉनात बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे. 2010 मध्ये अंतिम फेरीत 110 अंशांच्या उष्णतेत एक स्पर्धक दगावला, दुसरा गंभीर भाजला. स्पर्धा कायमची बंद पडली.

आता गोठवणाऱ्या थंडीच्या क्रायो केबिनही आल्या आहेत. द्रव नायट्रोजनवर चालणाऱ्या केबिनमध्ये वायू साचला की श्वासातला ऑक्सिजन घटतो आणि कळायच्या आत शुद्ध जाते. 2015 मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात आणि एप्रिल 2025 मध्ये पॅरिसमध्ये अशा केंद्रांतल्या कर्मचारी स्त्रियांचाच जीव गेला. हायपरबॅरिक, म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन देणारे, चेंबर मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी, पाणबुड्यांच्या त्रासासाठी रुग्णालयात योग्यच. ‘तरतरी येण्यासाठी’ त्यात पडण्याचं कारण नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पुरते. जानेवारी 2025 मध्ये मिशिगनमध्ये एका लहान मुलाचा अशा चेंबरमधल्या आगीत मृत्यू झाला.

जाणार असाल तर

भरल्या पोटी जाऊ नका आणि उपाशीही जाऊ नका. हलकं खाऊन तास-दीड तासानं जा. आधी एक-दोन ग्लास पाणी प्या. अंगावरचे दागिने काढा, ते तापतात. पहिल्या वेळी पाच ते आठ मिनिटं पुष्कळ झाली; सवय झाल्यावरही पंधरा मिनिटांपलीकडे जाऊ नका. खालच्या बाकावर बसा, वर हवा जास्त गरम असते. एकट्यानं जाऊ नका. दार बाहेरच्या बाजूला, नुसत्या धक्क्यानं उघडतं का आणि बेल वाजते का, हे बसण्याआधी स्वतः करून बघा.

डोकं हलकं वाटलं, मळमळलं, छातीत धडधडलं किंवा घाम येता येता थांबला, तर ‘अजून दोन मिनिटं’ म्हणू नका. उठताना आधी मिनिटभर पाय हलवत बसा, मग दांडी धरून सावकाश उभे राहा. लगेच बर्फगार पाण्याखाली जाऊ नका. कुणाला भोवळ आलीच तर गार जागी आडवं करा, पाय उंच करा, अंग ओल्या कापडानं पुसा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा मिनिटभरात शुद्धीवर आला नाही, तर 108 ला फोन करा.

केंद्र चालवणाऱ्यांनाही एक विनंती. आजार आणि औषधं विचारणारा मराठी फॉर्म ठेवा, रोज सकाळी बेल वाजवून बघा, आत माणूस असताना बाहेर कुणीतरी थांबा आणि ज्याला नाही म्हणायला हवं त्याला नाही म्हणा. बीपी मोजायचं यंत्र दोन हजारांच्या आसपास मिळतं. ते वापरल्याशिवाय कुठल्याही वयस्क माणसाला आत सोडू नका, आणि सोडत असतील तर वाचकहो, तुम्ही पैसे परत मागून घरी या.