सोन्याचं द्रावण आणि मिठाची परीक्षा

गरोदरपणाच्या घरगुती चाचणीपट्टीवरची लाल रेघ पुष्कळ पट्ट्यांत सोन्याची असते. प्रतिपिंडं चढवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण तिथे अडकतात, साठतात आणि डोळ्यांना दिसू लागतात. ती रेघ खरी निघायची तर कणांवर प्रतिपिंडांचा थर पुरेसा बसायला हवा. तो बसला की नाही, हे साधं मीठ सांगतं.

आधी भांडी. शंकुपात्र आणि ढवळायचं चुंबक अम्लराजाने धुवा: 3 भाग हायड्रोक्लोरिक, 1 भाग नायट्रिक आम्ल. हे काम फ्यूम हूडमध्येच, हातमोजे आणि चष्मा घालून करा. मग शुद्ध पाण्याने पुन्हापुन्हा विसळा. काचेला चिकटलेला मळ किंवा जुनं सोनं सगळी बॅच बिघडवतं, म्हणून या पायरीत मी कुणालाच सूट देत नाही.

20 मिलिलिटर शुद्ध पाण्यात सुमारे 8 मिलिग्रॅम क्लोरोऑरिक आम्ल विरघळवा. धातूचा चमचा लावू नका, हे आम्ल धातू खातं. ढवळत उकळी आणा. उकळी फुटली की 1 टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचं 2 मिलिलिटर द्रावण एकदम ओता, थेंबाथेंबाने नाही. पिवळसर रंग उडतो, पाणी निवळतं, मग काळपट-निळं, जांभळं होत शेवटी माणकासारखं लाल होतं. हे बघताना आजही माझा हात थांबतो. 10 मिनिटं उकळू द्या, मग ढवळतच गार करा. कण साधारण 13 नॅनोमीटरचे होतात आणि 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. लाली त्यातूनच येते. कण एकमेकांना चिकटले की शोषण तांबड्याकडे सरकतं आणि द्रावण निळं पडतं.

आता परीक्षा. 520 नॅनोमीटरला शोषण 1 येईल इतकं द्रावण पातळ करा. पोटॅशियम कार्बोनेटने सामू प्रतिपिंडाच्या समविद्युत बिंदूच्या किंचित वर आणा. सहा नळ्यांत 1-1 मिलिलिटर घेऊन त्यांत 0, 3, 6, 9, 12, 15 मायक्रोग्रॅम प्रतिपिंड टाका. प्रतिपिंडाच्या द्रावणाचं आकारमान प्रत्येक वेळी 100 मायक्रोलिटरच ठेवा. 10 मिनिटांनी प्रत्येकीत 10 टक्के मिठाचं 100 मायक्रोलिटर पाणी घाला. मीठ सायट्रेटचा विद्युतभार झाकतं, आणि उघडे कण गोळा होतात. पहिली नळी निळी झालीच पाहिजे. ती लाल राहिली तर मीठ किंवा द्रावण तपासा. लाल टिकलेली सर्वांत कमी प्रतिपिंडाची नळी शोधा, आणि प्रत्यक्षात तिच्याहून थोडं जास्त घ्या.

हीच रंगपालट 1912 मध्ये कार्ल लांगे यांनी मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवातून मज्जासंस्थेतला सिफिलिस ओळखायला वापरली होती.

प्रतिपिंड चढल्यावर उरलेली जागा बोव्हाइन सिरम अल्ब्युमिनने भरा, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी काढा, आणि गडद बाटलीत 4 अंश सेल्सिअसला ठेवा. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको: गोठलं की कण चिकटतात, आणि लाली परत येत नाही.