आपोआप नक्कल : मामांच्या खतावणीवरून एक धडा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण आज रोजकीर्द आणि खतावणी दोन्ही संगणकातच असतात, आणि संगणकाची डिस्क ही इतर कोणत्याही यंत्राप्रमाणे केव्हातरी बंद पडणारी वस्तू आहे. तेव्हा हिशोबाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर आपोआप कशी ठेवावी, हा प्रश्न आपल्याच विषयातला म्हणावा लागेल. मला तो पुस्तकातून नव्हे, माझ्या चुकीतून समजला.

माझे आजोळ पांढुर्णा. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे, गोटमारीमुळे सर्वांना ठाऊक असलेले हे गाव २०२३ पासून मध्य प्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण आहे. तेथे पाट्या हिंदीत आणि बोलणे मराठीत. घरी एक व बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या महाविद्यालयातील मुलांना त्यात काही वेगळे वाटणार नाही. मामांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. संत्रा बागायतदारांचा व्यवहार बहुतेक उधारीचा : मृग बहारासाठी पावसाळ्यात खत-औषध न्यायचे आणि फळांची तोडणी झाली की पैसे द्यायचे. म्हणजे दुकानाचे खरे भांडवल गोदामात नसून नावांपुढच्या आकड्यांत असते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामांच्या संगणकाला एक बाह्य डिस्क जोडून दिली. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फाइल हिस्टरी' नावाची सोय त्यात आहे. ती सुरू केली की, दुसरे काही सांगितले नसेल तर, दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. जुन्या प्रतीही राहतात, त्यामुळे कालची चूक आज सुधारता येते. डिस्कचा दिवा लुकलुकताना पाहून मी समाधानाने परतले.

फेब्रुवारीत, मृगाची संत्री तुटू लागली त्याच सुमारास, संगणकाची आतली डिस्क गेली. कारागिराने नवी बसवून माझी डिस्क जोडली. रात्री मामांचा फोन आला, "काहून गं, तुह्या डब्यात तं निस्ते फोटोच हायेत!"

चूक माझीच होती. ही सोय डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा नेमलेल्या फोल्डरांचीच प्रत घेते. हिशोबाचा फोल्डर त्यांच्या बाहेर होता, आणि तो यादीत घालायला मी विसरले होते. तीन महिने दर तासाला लग्नाच्या फोटोंची इमानेइतबारे राखण चालली होती.

मार्चअखेरची छापील शिल्लक कर सल्लागारांकडे मिळाली. बिलबुकाच्या कार्बन प्रतींवरून पुढची विक्री पुन्हा मांडता आली. खतावणी हरवली तरी मूळ नोंदींवरून ती परत लिहिता येते हे आपण अकरावीत शिकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तेच करत बसले. पण वसुलीच्या पावत्या मामा नेहमी फाडत नसत. मामीने काही रकमा कालनिर्णयाच्या चौकटींत टिपल्या होत्या, तेवढ्या सापडल्या. बाकीच्यांसाठी मामा ज्याच्या त्याच्या शेतावर गेले आणि "तुमीच सांगा आकडा" म्हणाले. बहुतेकांनी खरा सांगितला. दोन खाती अजून मिटलेली नाहीत. त्यांतले एक आजोबांच्या जुन्या स्नेह्याचे आहे. ते आता दुकानात येत नाहीत.

आता मांडणी बदलली आहे. चालू असलेल्या फायलीची प्रत अर्धवट निघण्याचा धोका असतो, म्हणून रात्री दुकान वाढवताना हिशोबाच्या प्रोग्रॅमच्याच बॅकअप आज्ञेने डॉक्युमेंट्समधील एका फोल्डरात प्रत घ्यायची. तेथून ती फाइल हिस्टरी उचलते. डिस्का दोन केल्या आहेत. एक दुकानात, दुसरी घरी, रविवारी अदलाबदल. त्या वेळी नवी डिस्क निवडून द्यावी लागते एवढेच. आग वा चोरी झाली तर एकाच टेबलावरच्या दोन प्रती एकदमच जातात. शिवाय मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय'सारखा खंडणीखोर प्रोग्रॅम शिरला, तर जोडलेल्या डिस्कवरच्या फायलींनाही तो कुलूप लावतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधील नियम ५७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींची योग्य नक्कल ठेवणे, आणि अपघाताने त्या नष्ट झाल्यास वाजवी मुदतीत माहिती परत मिळवता येणे आवश्यक आहे. 'परत मिळवता येणे' या शब्दांकडे माझे पूर्वी लक्ष गेले नव्हते. कंपन्यांना तर २०२२ च्या दुरुस्तीपासून रोज नक्कल घ्यावी लागते.

म्हणून आता दर महिन्याच्या १ तारखेला बाह्य डिस्कवरून एखादे खाते वेगळ्या फोल्डरात परत आणून उघडायचे आणि शिल्लक छापील उताऱ्याशी ताडून पाहायची, असे ठरले आहे. हिशोब तपासनीस काही पावत्या निवडून तपासतो, त्यातलाच हा प्रकार. खाते मामा निवडतात आणि आकडा मला फोनवर वाचून दाखवतात. गेल्या महिन्यात त्यांनी आजोबांच्या त्या स्नेह्यांचे खाते उघडले. आकडा जुळला, पुढे त्यांनी स्वतः लिहिलेली 'बोलणे बाकी' ही नोंदही जशीच्या तशी परत आली होती.