उड्डाणाची टेकडी

उंच आकाशात घिरट्या घालणारी घार सर्वांनीच पाहिलेली असते. पंख न हालविता ती कितीतरी वेळ वाऱ्यावर तरंगत राहते. आपणही तसे उडावे, ही इच्छा माणसाच्या मनात फार प्राचीन काळापासून आहे. या इच्छेपोटी त्याने पुष्पक विमानासारख्या कथा रचल्या. काही धाडसी माणसांनी अंगाला पंख बांधून उंचावरून उड्याही टाकल्या आणि हातपाय मोडून घेतले. परंतु पक्षी हवेत कसा तरंगतो, हे शांतपणे मोजून पाहणारे आणि मग स्वतः उडणारे लोक विरळाच. बर्लिन शहरातील एक कारखानदार, ओटो लिलिएंटाल, हे त्यांपैकी अग्रगण्य होत.

ओटो यांचा जन्म इ. स. १८४८ मध्ये आजच्या जर्मनीतील आंक्लाम या लहानशा गावी झाला. गावाभोवतीच्या कुरणांत करकोचे उतरत. ओटो आणि त्यांचा धाकटा भाऊ गुस्टाव्ह त्यांचे निरीक्षण करीत असत. करकोचा उडताना वाऱ्याकडे पाठ करीत नाही, तर वाऱ्याच्या दिशेला तोंड करून धावतो आणि मग वर उचलला जातो, हे त्यांनी हेरले. शाळेत असतानाच दोघांनी पातळ फळ्यांचे पंख तयार केले व ते हातांना बांधून ते उतारावरून धावले. सोबती हसतील, म्हणून हा प्रयोग त्यांनी रात्रीच्या वेळी केला! पंखांनी त्यांना वर उचलले नाही. पण उडण्याचा ध्यास मात्र कायम राहिला.

पुढे ओटो बर्लिनमध्ये इंजिनियर झाले. बॉयलर व वाफेची इंजिने बनविणारा कारखाना त्यांनी काढला. घरी पत्नी व चार मुले होती. कारखान्यात कामगारांची जबाबदारी होती. अशा व्यापात छंदाला सवड कोठून काढायची? आणि सपाट भूमीवर वसलेल्या त्या महानगरात उडण्यासाठी उतार तरी कोठून आणायचा?

लिलिएंटाल यांनी घाई केली नाही. प्रथम त्यांनी मोजमापे घेतली. गोल फिरणाऱ्या दांड्याला निरनिराळ्या आकारांचे पृष्ठभाग बसवून हवा त्यांना किती जोराने उचलते, हे ते तपासत. सपाट फळीपेक्षा पक्ष्याच्या पंखाप्रमाणे किंचित बाक असलेला पृष्ठभाग अधिक जोराने उचलला जातो, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. हे सारे संशोधन १८८९ मध्ये त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीपुढे गेले होते.

त्यानंतर त्यांनी ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेले विमान, बांधावयास घेतले. विलो नावाच्या झाडाच्या लवचीक काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसविलेले सुती कापड, एवढेच त्याचे साहित्य. त्यांच्या प्रसिद्ध ग्लायडरचे वजन सुमारे २० किलोग्रॅम होते आणि पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ ७ मीटर होती. उडणाऱ्याने सांगाड्याच्या मध्यभागी हातांच्या आधाराने लोंबकळावयाचे आणि शरीर पुढेमागे किंवा डावीउजवीकडे झोकून तोल सांभाळावयाचा.

आरंभी ते घराच्या बागेतील एक मीटर उंचीच्या फळीवरून उडी घेत. तेथे तोल साधल्यावर त्यांनी फळी दोन मीटर उंच केली. १८९१ मध्ये बर्लिनबाहेरील एका उतारावरून त्यांनी सुमारे २५ मीटरपर्यंत झेपा घेतल्या. पुढे १८९३ मध्ये रिनो येथील टेकड्यांवरून त्यांनी २५० मीटरपर्यंत मजल मारली. परंतु या टेकड्या दूर होत्या. तेथे जाण्यातच सुटीचा बराच वेळ खर्च होई. म्हणून १८९४ मध्ये त्यांनी स्वखर्चाने आपल्या घराजवळ, लिख्टरफेल्डे या उपनगरात, मातीची १५ मीटर उंच टेकडी उभारली! ती शंकूच्या आकाराची होती. त्यामुळे वारा कोणत्याही दिशेने वाहत असला, तरी त्याच्याकडे तोंड करून उतारावरून धावता येई. बालपणी करकोच्याकडून घेतलेला धडा ते विसरले नव्हते.

पाच-सहा वर्षांत त्यांनी सुमारे २,००० उड्डाणे केली. प्रत्येक उड्डाण काही सेकंदांचेच असे. सर्व उड्डाणांची बेरीज केली, तर ती पाच तासांच्या आसपास भरते. आपले अनुभव ते लेखांतून सांगत. उड्डाणांची छायाचित्रेही जगभर पोहोचली. आपली विद्या त्यांनी लपवून ठेवली नाही.

रविवार, ९ ऑगस्ट १८९६ रोजी ते रिनोजवळच्या टेकडीवरून उडाले. अचानक आलेल्या झोतामुळे ग्लायडर हवेतच थबकले. त्यांनी पाय पुढे झोकून तोल सावरण्याचा प्रयत्न केला. पण ग्लायडर सुमारे १५ मीटर उंचीवरून कोसळले. त्यांच्या मानेचा मणका मोडला. दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

ही वार्ता अमेरिकेत ऑर्व्हिल व विल्बर राइट या सायकली बनविणाऱ्या बंधूंनी वाचली आणि उड्डाणाविषयीचे त्यांचे कुतूहल जागे झाले. केवळ शरीर झोकून तोल सांभाळणे पुरेसे नाही, हे त्यांनी लिलिएंटाल यांच्या अपघातावरून ओळखले. म्हणून पंखच किंचित पिळून तोल राखण्याची युक्ती त्यांनी शोधली. तीही त्यांनी प्रथम ग्लायडरवरच पारखली आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिनाचे विमान उडविले.

आजचे ग्लायडर यंत्राने ओढलेल्या दोराच्या किंवा दुसऱ्या विमानाच्या साहाय्याने वर चढते. पुढे तापलेल्या जमिनीवरून वर जाणाऱ्या हवेत घारीप्रमाणे घिरट्या घालीत ते तासन्‌तास तरंगू शकते. लिलिएंटाल यांच्या वाट्याला एवढा वेळ आला नाही. परंतु त्यांनी उभारलेली टेकडी बर्लिनमध्ये अजून आहे. १९३२ पासून ती त्यांचे स्मारक झाली आहे. जवळ टेकडी नाही, हे कारण सांगून त्यांना स्वस्थ बसता आले असते. त्यांनी ती बांधली. म्हणून पुढच्यांना आकाशाची वाट सापडली.