पेन आपला, कागद कुणाचा?

मोबाईल घ्यायचा म्हटलं की आपण महिनाभर रॅम आणि बॅटरीवर वाद घालतो. पण ज्या पेनाने तीन-तीन तास पेपर लिहायचा, तो मात्र काउंटरवर जो दिसेल तो उचलतो. फार तर दुकानदाराच्या चिठोऱ्यावर एक गोल गोल स्प्रिंग काढून बघतो. चालला की झालं! त्या स्प्रिंगवरून शाई येते की नाही एवढंच कळतं. आपल्या अक्षराचं, आपल्या वहीवर, अर्ध्या तासानंतर काय होणार हे त्यातून कळत नाही. म्हणून या सेमिस्टरला मी चार जातीचे पेन आणि पाच प्रकारचे कागद घेऊन जरा पद्धतशीर बघितलं. त्यात जे सापडलं ते इथे मांडते.

आधी कारण सांगते. मला लिहिण्याची दोन कामं आहेत. एक तुमचंच, सबमिशन आणि परीक्षा, तेही इंग्रजीत आणि वेगात. दुसरं घरचं. रिसोडकडे आमची थोडी शेती आहे, सोयाबीन आणि तूर. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, सगळा हिशोब आजोबा एका लांब वहीत लिहीत आले. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून वही माझ्याकडे आली. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये, चाररेघी वहीवर कर्सिव्ह गिरवत वाढलेली. मराठी लिहिताना हात अजून अडखळतो. आजोबांची अट एकच होती, "आकडा फिरला नाही पायजे." जुन्या वहीत एका पावसाळ्यात छताचं पाणी गळालं होतं. बॉलपेनच्या नोंदी अजून वाचता येतात, शाईपेनच्या जागी निळे ढग उरलेत. एका सालदाराची उचल १०० की ९००, हे त्या पानावरून आजही सांगता येत नाही. आजोबांनी तेव्हा त्याचं ऐकून शंभरच धरले.

आता कागद. वहीच्या कव्हरवर जीएसएम लिहिलेलं असलं तर ठीक, नसलं तरी आपण काढू शकतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर कागद हा एक चौरस मीटरचा जवळपास सोळावा भाग असतो, त्यामुळे ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅम भरतो. वहीसाठी कागद मोजायचे आणि लॅबच्या तराजूवर ठेवायचे. (सरांना विचारून!) माझ्या लांब वहीचं पान २७.२ सेंमी बाय १६.७ सेंमी, म्हणजे सुमारे ४५४ चौरस सेंमी. असे वीस कागद ५२ ग्रॅम भरले, म्हणजे जवळपास ५७ जीएसएम. लॅब नसेल तर ओळखीच्या सराफाचा काटा आहेच.

पण खरी गंमत पुढे आहे. माझ्याकडचा ७५ जीएसएमचा झेरॉक्सचा कागद या ५७ वाल्या वहीपेक्षा शाई जास्त पसरवतो! म्हणजे नुसत्या जाडीवर जाऊ नका. कागद म्हणजे तंतूंचं जाळं, त्यात लाखो बारीक नळ्या. शाई त्यांत केशाकर्षणाने शिरते. वॉशबर्नने १९२१ मध्ये याचं समीकरण मांडलं: द्रव किती आत जाईल हे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, आणि द्रव जितका घट्ट तितकं ते अंतर कमी. त्यात संपर्ककोनही येतो. कारखान्यात कागदाला राळ, स्टार्च किंवा तसलं रसायन देतात, त्याला सायझिंग म्हणतात. सायझिंगने हा कोन वाढतो, शाई वर थांबते आणि अक्षराची कड स्वच्छ राहते. सायझिंग कमी असेल तर कागद कितीही जाड असो, अक्षराला मिशा फुटतात.

हे ज्ञान काही आजचं नाही. हाती बनवलेल्या कागदाला पूर्वी खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत असत, ते याचसाठी. आपल्याच जिल्ह्यात कारंजा (लाड) इथल्या जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत शतकांपूर्वीच्या पोथ्या जपल्या गेल्या. त्यामुळेच पुष्पदंत कवीचं 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली कारंजा जैन ग्रंथमालेत छापलं गेलं. त्या काळची काळी शाई काजळी आणि डिंकाची. काजळी म्हणजे कार्बन, तो उन्हाने उडत नाही. आपल्या निळ्या शाईत बहुतेकदा विरघळलेला रंग असतो, तो उडतो.

पेनांकडे वळू. पाटणी चौकातल्या एका दुकानात मी माझ्याच वहीची पानं घेऊन गेले. "काका, जरा लिहून बघू का?" काका म्हणाले, "लिवून पाय ना बाई, कोन नाही म्हंते!" स्वतःचा कागद नेण्याची ही युक्ती सगळ्यांनी करावी. दुकानातलं चिठोरं आपल्या वहीसारखं वागेलच असं नाही.

साध्या बॉलपेनची शाई तेलकट आणि फार घट्ट असते, म्हणून ती कागदात खोल जात नाही. पातळ वहीवरही मागच्या बाजूला डाग नाही. पण ती ओढायला दाब लागतो, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं. जेल पेन जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये आणला. त्याची शाई फ्लुइड मेकॅनिक्सचं चालतं-बोलतं उदाहरण आहे. नुसती असते तेव्हा घट्ट, गोळी फिरली की त्या ताणाने पातळ, कागदावर आली की पुन्हा घट्ट. हात हलका चालतो, पण वाळायला वेळ लागतो. लिक्विड इंकचा रोलर आणि शाईपेन यांची शाई जवळजवळ पाण्यासारखी. दाब नकोच, नुसता स्पर्श पुरे. मात्र कागद कच्चा असेल तर सगळ्यात जास्त फजिती यांचीच होते.

इथे एक मुद्दा आहे जो इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. मराठीत आपण शब्द आधी लिहितो आणि मग त्यावरून शिरोरेषा ओढतो. म्हणजे पेन आपल्याच ओल्या अक्षरांवरून परत जातो! जेलने लिहिताना प्रत्येक कान्याच्या डोक्यावर मला बारीक ठिपका दिसला, तो यामुळे. शिवाय ध आणि घ, भ आणि म यांच्यात फरक काय? वरची एक छोटीशी फट. शाई पसरली की ती फट बुजते, 'धन'चं 'घन' होतं आणि 'भात'चा 'मात'. इंग्रजी कर्सिव्ह ज्या पेनाने सुरेख येतं, त्याच पेनाने मराठी गिचमिड दिसू शकतं. त्यात हाताचा दोष असेलच असं नाही.

म्हणून मी चाचणीसाठी स्वतःचं एक वाक्य केलं: 'धुऱ्यावरच्या बाभळीखाली घागर भरून ठेवली, क्षणभर थांबलो, मग ज्ञानूच्या विळ्याने तण कापलं.' पुढे १ ते ९ आकडे, दोनदा. हे नेहमीच्या वेगाने पाच वेळा लिहायचं. मग पान उलटून बघायचं, दहा सेकंदांनी बोट फिरवायचं, आणि घरातल्या कुणाला तरी हातभर अंतरावरून वाचायला लावायचं. आपलं अक्षर आपल्याला वाचता येतंच, ती काही परीक्षा नाही. माझ्या वहीवर ०.७ ची गोळी असलेला बॉलपेन यात पहिला आला. लिक्विड रोलर दिसायला सुंदर, पण त्याने लिहिलेलं 'घागर भरून' आजोबांनी 'घागर मरून' वाचलं.

आता परीक्षेचं. वही आपण निवडू शकतो, उत्तरपत्रिका नाही. तो कागद समोर येईल तसा. त्यामुळे परीक्षेचा पेन घरच्या उत्तम वहीवर ठरवणं चूक आहे. शंका असेल तर वाईट कागद धरूनच निवडा. सेशनलला मिळणाऱ्या पानावर सलग अर्धा तास लिहा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच पेन चांगले वाटतात. विसाव्या मिनिटाला पकड कुठे आवळली जाते, घाम आल्यावर पेन सरकतो का, ते बघा. मी शेवटी परीक्षेसाठी ०.५ चा जेल घेतला, कारण तिथे वेळ आणि हात महत्त्वाचा, आणि इंग्रजीत शिरोरेषा नाही. माझी रूममेट डावखुरी आहे. तिचा तळहात ओल्या ओळीवरून जातो, तिने बॉलपेनच ठेवला. तिच्यासाठी तेच बरोबर.

हिशोबाच्या वहीसाठी आणखी दोन चाचण्या केल्या. लिहिलेलं पान एक दिवस वाळू दिलं आणि प्रत्येक ओळीवर पाण्याचे थेंब सोडले. शाईपेनची ओळ गेली. एक जेल राहिला आणि एक वाहून गेला; म्हणजे 'जेल' या नावावर भरवसा नाही, प्रत्येकाचा थेंब स्वतः बघावा लागतो. बॉलपेन हलला नाही. दुसरी चाचणी उन्हाची. एकाच पानाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून गच्चीच्या खिडकीत लावलाय, तो दिवाळीपर्यंत तिथेच राहणार. तोवर वहीत काळा बॉलपेन, आणि रक्कम आकड्यात व अक्षरातही. आजोबांना अक्षरातली रक्कम जास्त आवडली.

शाईपेनची आवड असणाऱ्यांनी नाराज होऊ नका. चांगल्या घोटीव कागदावर त्याच्यासारखं सुख नाही, आणि मी माझी मराठी त्यानेच सुधारतेय, दुरेघी वहीवर, रोज एक पान. फक्त मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा आठवडाभर न वापरलेल्या पेनातली शाई निबमध्येच सुकते. सुट्टीला गावी जाण्याआधी तो रिकामा करून साध्या पाण्याने धुवा, आणि निब वर करून ठेवा.